बँक कोणाची, तोटा कोणाचा?

साध्या कारखान्याच्या बाबतीत मालकी या कल्पनेत तीन गोष्टी एकत्र नांदतात: नफा घेण्याचा हक्क, कारभार कोणी पाहावा हे ठरवण्याचा अधिकार आणि धंदा बुडाला तर आधी स्वतःचा पैसा घालवण्याची जबाबदारी. बँकेत या तिन्ही गोष्टींचा मेळ मुळातच सैल असतो, कारण बँक ज्या पैशावर चालते त्यातला फार थोडा भाग मालकाचा असतो. शंभर रुपयांच्या मालमत्तेमागे भागधारकांचे आठ-दहा रुपये आणि बाकीचे बहुतेक ठेवीदारांचे, असे ढोबळ प्रमाण असते. म्हणजे भागधारकाला दुसऱ्याच्या पैशावर जोखीम घेण्याची मुभा मिळते आणि ठेवीदाराला मात्र आपला पैसा कोणाला कर्जाऊ दिला गेला हे कळण्याचा मार्ग नसतो. बँकेच्या मालकीचा तिच्या आर्थिक कामगिरीशी काय संबंध आहे, या प्रश्नाचे उत्तर ‘सरकारी बरी की खासगी’ एवढ्या वादात सापडत नाही ते यामुळेच. तोटा अखेर कोणाच्या माथी पडतो आणि ज्याच्या माथी तो पडतो त्याला कारभाऱ्याला जाब विचारता येतो का, हे पाहिल्याशिवाय नफ्यातोट्याचे आकडे बोलके होत नाहीत.

भारतातील कायद्याने तर मालकीच्या या तिन्ही गोष्टी जाणीवपूर्वक वेगळ्या केल्या आहेत. राष्ट्रीयीकृत बँकांत केंद्र सरकारचा वाटा ५१ टक्क्यांच्या खाली जाऊ शकत नाही आणि सरकारखेरीज कोणत्याही भागधारकाला, त्याच्याकडे कितीही भाग असले तरी, १० टक्क्यांहून अधिक मतदानाचा अधिकार वापरता येत नाही. खासगी बँकांत हीच मर्यादा २६ टक्क्यांवर आहे, जेणेकरून एखाद्या उद्योगघराण्याने बँक आपल्या तिजोरीसारखी वापरू नये. नागरी सहकारी बँकांत तर भाग किती हा प्रश्नच गौण ठरतो, कारण तेथे एक सभासद एक मत हे तत्त्व आहे.

या विषयावरील सिद्धान्ताची सुरुवात साधारणपणे बर्ले आणि मीन्स या अमेरिकी अभ्यासकांच्या १९३२ सालच्या ग्रंथापासून मानली जाते. भागधारक विखुरलेले असले की खरी सत्ता पगारी व्यवस्थापकांच्या हाती जाते आणि त्यांचे हित मालकाच्या हिताशी जुळेलच असे नाही, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. मालक आणि त्याच्या वतीने काम करणारा मुखत्यार यांच्यातील या तिढ्याला पुढे जेन्सन आणि मेकलिंग यांनी १९७६ मध्ये रीतसर सैद्धान्तिक रूप दिले. बँकांपुरते बोलायचे तर ला पोर्टा, लोपेझ-दे-सिलानेस आणि श्लायफर यांनी २००२ मध्ये ९२ देशांची माहिती तपासून असे दाखवले, की १९७० मध्ये जेथे बँकांवर सरकारची मालकी अधिक होती तेथे पुढील काळात वित्तव्यवस्थेची वाढ मंद राहिली. मिक्को, पानिझ्झा आणि यान्येझ यांच्या २००७ मधील अभ्यासात विकसनशील देशांतील सरकारी बँकांची नफाक्षमता कमी आणि खर्च जास्त आढळला, निवडणुकीच्या वर्षांत ही दरी रुंदावलेली दिसली. श्रीमंत देशांत मात्र असा ठळक संबंध सापडला नाही. मालकीचा परिणाम मालकाच्या स्वभावापेक्षा त्याच्याभोवतीच्या संस्थांवर अधिक अवलंबून असावा, असे या शेवटच्या निरीक्षणावरून वाटते आणि भारताचा अनुभवही बराचसा त्याच बाजूला झुकतो.

१९ जुलै १९६९ रोजी ५० कोटी रुपयांहून अधिक ठेवी असलेल्या १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. एप्रिल १९८० मध्ये त्यांत आणखी सहा बँकांची भर पडली. या नव्या मालकाला लाभांशापेक्षा शाखा हव्या होत्या. देशात १९६९ मध्ये सुमारे ८,२०० बँक शाखा होत्या, त्या १९९१ पर्यंत ६० हजारांच्या घरात गेल्या आणि ग्रामीण शाखांचा वाटा २२ टक्क्यांवरून निम्म्याच्या वर पोहोचला. बर्जेस आणि पांडे यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या शाखाविस्तारामुळे ग्रामीण दारिद्र्य घटल्याचा निष्कर्ष काढला. त्याच अभ्यासपरंपरेत शॉन कोल यांनी २००९ मध्ये असे दाखवले, की राज्यात निवडणूक असलेल्या वर्षी सरकारी बँकांची शेतीकर्जे पाच ते दहा टक्क्यांच्या बिंदूंनी वाढतात. हे दोन्ही निष्कर्ष एकाच मालकीची फळे आहेत. तोट्यातील ग्रामीण शाखा चालवण्याचा खर्च बँकेच्या ताळेबंदात दिसतो, तिचा लाभ मात्र गावाच्या हिशेबात जमा होतो, आणि मालमत्तेवरील परतावा, म्हणजे शंभर रुपयांच्या मालमत्तेमागे वर्षाअखेर उरलेला निव्वळ नफा, या एकाच मापाने तोलले तर अशी बँक कायम डावी ठरते.

तरीही सामाजिक कामाची ढाल करून सगळेच झाकता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये बँकांच्या कर्जांची कसून फेरतपासणी सुरू केली तेव्हा जे बाहेर आले त्यात शेतकऱ्याच्या पीककर्जापेक्षा पोलाद, वीज आणि रस्तेबांधणीतल्या मोठ्या उद्योगांची कर्जे कितीतरी पटींनी अधिक होती. नव्वद दिवसांहून अधिक काळ व्याज वा हप्ता थकलेल्या कर्जाला अनुत्पादित कर्ज म्हणतात. सरकारी बँकांतील अशा ढोबळ कर्जांचे प्रमाण मार्च २०१८ मध्ये १४.६ टक्क्यांवर गेले, खासगी बँकांत ते पाच टक्क्यांच्या आत होते, आणि २०१७-१८ या एका वर्षात सरकारी बँकांना मिळून सुमारे ८५ हजार कोटी रुपयांचा तोटा झाला. थकलेल्या कर्जदाराला नवे कर्ज देऊन जुने फेडल्याचे दाखवायचे, मुदत वाढवून द्यायची, आणि खाते निदान आपल्या कारकिर्दीत तरी नियमित दिसेल अशी तजवीज करायची, ही रीत त्याआधी वर्षानुवर्षे चालली होती. ज्या अध्यक्षाची मुदत दोन-तीन वर्षांत संपणार आहे आणि ज्याच्या पगाराचा बँकेच्या दीर्घकालीन मूल्याशी काडीचा संबंध नाही, त्याने दुसरे काही करावे अशी अपेक्षा मालकानेच ठेवलेली नव्हती.

पुण्यात १९३५ मध्ये नोंदवल्या गेलेल्या आणि १९६९ मध्ये सरकारकडे गेलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रचे उदाहरण या दृष्टीने जवळून पाहण्याजोगे आहे. मार्च २०१८ मध्ये तिच्या कर्जांपैकी सुमारे १९.५ टक्के ढोबळ अनुत्पादित होती. त्याच्या आदल्या वर्षीच रिझर्व्ह बँकेने तिच्यावर ‘तातडीच्या सुधारणात्मक कारवाई’चे निर्बंध घातले होते, ज्यात नव्या शाखा आणि जोखमीची कर्जे यांना लगाम बसतो. त्यानंतरच्या वर्षी तिने साठलेल्या बुडीत कर्जांसाठी एकदम मोठी तरतूद केली आणि सुमारे ४,७८० कोटींचा तोटा दाखवला. मधल्या काळात, जून २०१८ मध्ये, एका बांधकाम व्यावसायिकाच्या कर्जप्रकरणी पुणे पोलिसांनी बँकेच्या तत्कालीन प्रमुखांसह काही अधिकाऱ्यांना अटक केली आणि काही महिन्यांतच पोलिसांनी न्यायालयात अर्ज करून प्रमुखांना त्या प्रकरणातून वगळले. कर्ज बुडणे हा बँकिंगचा नेहमीचा धोका असला, तरी मालक सरकार असल्यामुळे सरकारी बँकेचा अधिकारी लोकसेवक ठरतो आणि त्याचा चुकलेला निर्णय गुन्हा म्हणून तपासला जाऊ शकतो. अशा वातावरणात सही न करणे हाच सर्वांत सुरक्षित निर्णय होतो. कागद वरच्या समितीकडे, तिथून कायदा विभागाकडे आणि तिथून पुन्हा खाली येईपर्यंत चांगला कर्जदार शेजारच्या खासगी बँकेत गेलेला असतो.

आता याच बँकेचा पुढचा अध्याय. मार्च २०२५ अखेर तिची ढोबळ अनुत्पादित कर्जे १.७४ टक्क्यांवर आली, वर्षाचा निव्वळ नफा साडेपाच हजार कोटींच्या घरात गेला, मालमत्तेवरील परतावा पावणेदोन टक्क्यांच्या आसपास पोहोचला आणि तिच्या ठेवींपैकी निम्म्याहून अधिक रक्कम चालू व बचत खात्यांत, म्हणजे बँकेला सर्वांत स्वस्त पडणाऱ्या पैशात होती. या साऱ्या काळात मालक बदलला नव्हता. उलट भांडवल ओतत गेल्याने सरकारचा वाटा एका टप्प्यावर नव्वद टक्क्यांच्या पुढे गेला आणि २०२४ मधील भागविक्रीनंतर तो ८० टक्क्यांच्या खाली आला. एकूण सरकारी बँकांचा नफाही २०२४-२५ मध्ये १.७८ लाख कोटी रुपयांवर गेला. सरकारी मालकी म्हणजे कायमची अकार्यक्षमता, हे सोपे समीकरण या आकड्यांपुढे टिकत नाही.

पण या सुधारणेचे बिल कोणी भरले, हे विचारल्याशिवाय तिचे कौतुक अर्धवट राहते. २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत सरकारी बँकांत सुमारे ३.११ लाख कोटी रुपयांचे भांडवल घातले गेले आणि त्यातले २.७६ लाख कोटी पुनर्भांडवल रोख्यांच्या वाटेने आले. या रोख्यांची रचना मोठी चतुर आहे: सरकार बँकेला रोखे विकते, बँक आपल्याकडच्या ठेवींच्या पैशातून ते घेते, आणि त्याच पैशातून सरकार बँकेचे नवे भाग विकत घेते, सरकारी तिजोरीतून त्या दिवशी रुपयाही बाहेर जात नाही, मात्र त्या रोख्यांवरचे व्याज पुढची अनेक वर्षे अर्थसंकल्पातून जात राहते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेमुळे मोठ्या कर्जदारांच्या हातून कंपनी जाण्याची भीती निर्माण झाली, कर्जांची उचल उद्योगांकडून घरे, वाहने आणि सोने यांकडे वळली, हेही खरे. तरी मालकाने इतका खोल खिसा उघडला नसता तर बँकांना बुडीत कर्जे मोकळेपणाने मान्य करणे परवडलेच नसते. या अर्थाने सरकारी मालकी हाच रोगाचा उगम होता आणि उपचाराचा खर्च उचलणारीही तीच.

मालकीची पाटी आणि मालकीचे वास्तव यांतला फरक पाहायचा तर आयडीबीआय बँकेकडे पाहावे. मार्च २०१८ मध्ये तिची ढोबळ अनुत्पादित कर्जे २८ टक्क्यांवर होती. भारतीय आयुर्विमा महामंडळाने २१ हजार कोटींहून अधिक रक्कम घालून जानेवारी २०१९ मध्ये तिचे ५१ टक्के भाग घेतले आणि रिझर्व्ह बँकेने तिची नोंद खासगी बँक म्हणून केली. विमा महामंडळ तेव्हा पूर्णपणे सरकारी होते, म्हणजे पैसा विमाधारकांचा, सत्ता सरकारची आणि वर्गवारी खासगी. त्या वर्षी १५ हजार कोटींहून अधिक तोटा दाखवणारी ही बँक २०२४-२५ मध्ये साडेसात हजार कोटींचा नफा कमावत होती, आणि आकडेवारीच्या तक्त्यात तो नफा खासगी बँकांच्या रकान्यात जमा होत होता.

याच रकान्यांचा आणखी एक दोष सहसा बोलला जात नाही. खासगी बँक बुडाली की ती तक्त्यातूनच नाहीशी होते आणि तिचा तोटा बहुतेक वेळा एखाद्या सरकारी बँकेच्या ताळेबंदात उतरतो. १९९४ च्या सुमारास नव्या परवान्यांनी सुरू झालेल्या बँकांपैकी ग्लोबल ट्रस्ट बँक २००४ मध्ये कोसळली आणि ती ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स या सरकारी बँकेत विलीन करण्यात आली. १९३६ पासून साताऱ्यात रुजलेल्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर सप्टेंबर २००६ मध्ये निर्बंध आले आणि महिन्याभरात ती आयडीबीआयच्या पोटात गेली. रोखे घोटाळ्यात १९९२ मध्ये बुडालेली बँक ऑफ कराड अखेर बँक ऑफ इंडियाकडे आली. सरकारी आणि खासगी बँकांच्या सरासऱ्या शेजारी मांडताना एका बाजूला फक्त तगलेल्यांची आणि दुसऱ्या बाजूला तगलेल्यांसह इतरांची मयते उचलणाऱ्यांची गणती होत असते.

येस बँकेची कथा तर मालक स्वतः कारभारी असला म्हणजे तो काळजी घेतोच, या समजुतीला छेद देते. प्रवर्तकच मुख्याधिकारी असलेल्या या बँकेने मार्च २०१६ साठी ढोबळ अनुत्पादित कर्जे सुमारे ७४९ कोटी दाखवली होती. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तो आकडा ४,९०० कोटींच्या पुढे निघाला. बाजारात भागाचा भाव चढा राहण्यावर ज्याची संपत्ती अवलंबून आहे, त्याला तोटा लवकर उघड करण्याची घाई नसते. मार्च २०२० मध्ये बँकेवर निर्बंध आले, खातेदारांना ५० हजारांहून अधिक रक्कम काढता येईना, आणि भारतीय स्टेट बँकेच्या पुढाकाराने आठ बँकांनी दहा हजार कोटी घालून ती सावरली. मे २०२५ मध्ये स्टेट बँक व इतर सात बँकांनी येस बँकेचे २० टक्के भाग जपानच्या सुमितोमो मित्सुई बँकेला १३,४८३ कोटी रुपयांना विकण्याचा करार केला, तेव्हा या बचावातून त्यांना फायदाच झाला. पण ८,४१५ कोटींचे अतिरिक्त भांडवली रोखे ज्यांच्या नावावर होते त्यांची रक्कम बचावाच्या वेळीच शून्य करण्यात आली होती. याउलट एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक यांना आज प्रवर्तकच नाही, त्यांचे भाग देशी-विदेशी संस्थांत विखुरलेले आहेत, आणि तरीही त्यांची कामगिरी अनेक वर्षे सरस राहिली. विखुरलेल्या मालकीत व्यवस्थापक मोकाट सुटतो, हा १९३२ चा सिद्धान्त येथे पूर्णपणे लागू पडत नाही. भागबाजारातील विश्लेषकांची तिमाही उलटतपासणी आणि मुख्याधिकाऱ्याच्या नेमणुकीवर रिझर्व्ह बँकेची संमती, या दोन्हींनी मिळून मालकाच्या पहाऱ्याची जागा घेतलेली दिसते. अर्थात २००८ च्या जागतिक संकटात यांपैकी आयसीआयसीआय बँकेविषयी अफवा उठल्या तेव्हा ठेवीदारांनी आपला पैसा स्टेट बँकेकडे नेला, आणि तो नेताना त्यांनी कोणाचाही मालमत्तेवरील परतावा पाहिला नव्हता.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत गुंतागुंतीची मालकी सहकारी बँकांची. देशातील सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँकांपैकी साधारण तिसरा हिस्सा याच राज्यात आहे. या बँकांचे भांडवल कसे जमते हे एका साध्या हिशेबाने कळते. तारणी कर्ज घेणाऱ्याला कर्जाच्या अडीच टक्के रकमेचे भाग घ्यावे लागतात, ही जुनी प्रथा आहे. म्हणजे वीस लाखांचे घरकर्ज मंजूर झाले की पन्नास हजार रुपये भागांपोटी कापले जातात. वीस वर्षांनी कर्ज फिटले की सभासद भाग परत करतो आणि त्याला तेच पन्नास हजार मिळतात, मग मधल्या काळात बँकेचा राखीव निधी दसपट झालेला असो की आटलेला असो. भाग दर्शनी किमतीलाच परत होतात, बाजारात विकले जात नाहीत आणि लाभांशावर महाराष्ट्राच्या सहकार कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे बँकेचे मूल्य वाढवण्यात कोणाही एका सभासदाचा आर्थिक स्वार्थ उरत नाही. त्यातही मतदार बहुतांशी कर्जदार, कारण कर्जासाठीच तो सभासद झालेला. आणि ज्याच्या पैशावर बँक उभी आहे तो ठेवीदार अनेकदा सभासदही नसतो आणि सर्वसाधारण सभेत त्याला मत नसते. कर्जदारांनी निवडलेले संचालक ठेवीदारांचा पैसा सांभाळतात, अशी ही उफराटी मांडणी आहे.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत या मांडणीचा शेवट काय होऊ शकतो ते सप्टेंबर २०१९ मध्ये दिसले. सुमारे ११,६०० कोटींच्या ठेवी असलेल्या या बँकेच्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ती लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवण्यात आली होती. खातेदारांना आरंभी फक्त एक हजार रुपये काढता येत होते. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पाच लाखांपर्यंतच्या विमासंरक्षित ठेवी आधी चुकत्या झाल्या आणि त्यापुढील रकमेसाठी दहा वर्षांपर्यंत थांबण्याची पाळी अनेकांवर आली. १९१२ पासून पुण्यात चाललेल्या रुपी बँकेचा परवाना नऊ वर्षांहून अधिक काळ निर्बंधांखाली काढल्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द झाला.

तरी सहकाराला सरसकट झोडपण्यात अर्थ नाही. १९१८ मध्ये सुरू झालेली सारस्वत बँक याच दर्शनी किमतीच्या भागांवर देशातील सर्वांत मोठी नागरी सहकारी बँक झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिने अडचणीतील न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक आपल्यात सामावून घेतली. सभासद आणि ठेवीदार एकाच ओळखीच्या समाजातून येत असतील तर बदनामीचा धाक भागाच्या भावाचे काम करतो, असे तिच्याकडे पाहून म्हणता येईल. बँक मोठी होऊन ती ओळख विरळ झाली की हा धाक कितपत उरतो, हे प्रत्येक बँकेगणिक तपासावे लागेल. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे उदाहरण याहून विचित्र आहे. राज्यातील बड्या राजकीय नेत्यांचा भरणा असलेले तिचे संचालक मंडळ मे २०११ मध्ये बरखास्त झाले, प्रशासक आले, आणि सभासदांनी निवडलेला कारभार नसताना ही शिखर बँक वर्षानुवर्षे नफ्यात राहिली. लोकशाही मालकी हे सहकाराचे ब्रीद मानणाऱ्यांनी या आकड्यांचा अर्थ लावायचे बहुधा टाळलेलेच बरे.

सरकारी बँकांविषयी पी. जे. नायक समितीने मे २०१४ मध्ये सरकारचे भाग एका स्वतंत्र गुंतवणूक कंपनीकडे सोपवावेत आणि वाटा ५० टक्क्यांच्या खाली आणावा, अशी शिफारस केली होती. नेमणुका सुचवणारी एक संस्था स्थापन झाली, पण सरकारचा वाटा ५१ टक्क्यांखाली जाऊ न देणारी कायद्यातील तरतूद तशीच आहे. सहकारी बँकांबाबत २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेला संचालक मंडळावर हात टाकण्याचे अधिकार मिळाले, मार्च २०२४ मध्ये नागरी बँकांना भांडवल आणि तंत्रज्ञान पुरवण्यासाठी एक राष्ट्रीय शिखर महामंडळ सुरू झाले आणि ऑगस्ट २०२५ पासून सहकारी बँकांच्या संचालकाची कमाल सलग मुदत आठवरून दहा वर्षे करण्यात आली. ठेवीदाराला सर्वसाधारण सभेत मत देण्याची तरतूद यांपैकी कोणत्याही बदलात नाही.